मंडळीची वाढ, नवे प्रयोग आणि नेतृत्व: पुण्यातल्या मराठी मंडळ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुणे आणि पिंपरी-चिंचवडमधल्या मराठी ख्रिस्ती मंडळ्यांच्या, म्हणजे चर्चच्या, पास्टोरेट कमिट्या (मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समित्या), तरुण संघ, महिला मंडळं यांच्या बैठकांत हे प्रश्न पुन्हा पुन्हा निघतात. उत्तरं एका विश्वासणाऱ्याने, कमिटीच्या टेबलाशी बसून जे दिसलं आणि जे वाचलं त्यावरून लिहिली आहेत. तुमच्या मंडळीची घटना आणि धर्मप्रांताचे नियम वेगळे असतील तर आधी ते पाहा.

मंडळी म्हणजे काही कंपनी नव्हे. मग मॅनेजमेंटच्या कल्पना इथे कशाला?

हा प्रश्न बहुधा ज्येष्ठ लोक विचारतात आणि त्यामागची काळजी खरी आहे. देवालयात टार्गेटची भाषा शिरली की प्रार्थना मागे पडते. पण काम नीट वाटून घेणं ही कंपन्यांनी शोधलेली गोष्ट नाही. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटा न्यायनिवाडा करत बसायचा. त्याचा सासरा इथ्रो म्हणाला, अशाने तूही थकशील आणि लोकही थकतील. हजार, शंभर, पन्नास आणि दहा जणांवर नायक नेम. निर्गमाच्या १८व्या अध्यायातला हा सल्ला देणारा इथ्रो मिद्यानी याजक होता, इस्राएलाबाहेरचा माणूस. तरी मोशेने तो ऐकला.

यरुशलेमेच्या पहिल्या मंडळीतही असंच घडलं, प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात ते आहे. ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावललं जातं अशी कुरकुर सुरू झाली. प्रेषितांनी तक्रार करणाऱ्यांना गप्प बसवलं नाही, सात जण निवडून घेतले. त्या सातांची नावं पाहा, सगळी ग्रीक आहेत. ज्या गटाची तक्रार होती, त्याच गटाकडे बहुधा कारभार सोपवला गेला. आणि पुढच्याच ओळींत लेखक सांगतो की वचनाचा प्रसार झाला, शिष्यांची संख्या वाढली. नेतृत्वावरच्या कुठल्याही शिबिरात यापेक्षा धाडसी निर्णय ऐकायला मिळणार नाही.

‘चर्च ग्रोथ’ हे अमेरिकेतून आलेलं खूळ आहे ना?

त्याचं शिक्षण अमेरिकेत सुरू झालं, प्रश्न मात्र आपल्याकडे पडला. डोनाल्ड मॅकगॅव्हरन यांचा जन्म १८९७ साली दमोहला, आजच्या मध्य प्रदेशात. ते मिशनरी घराण्यातले. अनेक वर्षं मध्य भारतात काम करताना त्यांना एक गोष्ट छळत राहिली: सारखाच पैसा, सारखीच मेहनत, तरी काही मंडळ्या वाढतात आणि शेजारच्या जागच्या जागी राहतात, असं का? त्यावरून त्यांनी १९५५ पासून लेखन केलं आणि १९६५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या फुलर सेमिनरीत या विषयाचं स्वतंत्र विद्यालय उभं केलं.

त्यांनी केलेली वाढीची विभागणी पुण्याला फार लागू पडते. ख्रिस्ती घरांत मुलं जन्मतात आणि मंडळीत वाढतात, ही एक वाढ. दुसऱ्या मंडळीतून माणसं येतात, ही दुसरी. आणि ज्याचा मंडळीशी संबंध नव्हता असा माणूस स्वतःहून विश्वासात येतो, ही तिसरी. अहिल्यानगर, जालना, छत्रपती संभाजीनगर इथली कितीतरी ख्रिस्ती कुटुंबं नोकरीसाठी हडपसर, पिंपरी, चाकण, वाघोली या बाजूला आली. त्यांनी मंडळीत नाव नोंदवलं की बाकं भरतात आणि अहवालात ‘प्रभूच्या कृपेने वाढ’ असं लिहिलं जातं. त्या कुटुंबांना आसरा देणं फार मोलाचं आहे. पण त्यांच्या गावाकडच्या देवालयात तेवढीच बाकं रिकामी झाली, हेही अहवालात असायला हवं. शेजारच्या मंडळीतून माणसं ओढून आणणाऱ्या मंडळीने तर त्या आकड्याचा आनंद मुळीच मानू नये.

मग आमची मंडळी वाढते आहे की नाही, हे ओळखायचं कसं?

रविवारची डोकी मोजा, पण तेवढ्यावर थांबू नका. मी कमिटीत हे विचारतो: दृढीकरण (मंडळीचं पूर्ण सभासदत्व देणारा विधी) झालेली मुलं तीन वर्षांनी कुठे आहेत? गेल्या वर्षी पहिल्यांदा आलेल्यांपैकी आज किती जणांना इथे कोणी नावाने ओळखतं? आणि सर्वांत महत्त्वाचं, मंडळीतल्या किती जणांच्या हातात काही ना काही काम आहे? शंभर कुटुंबांच्या मंडळीत वाचन, वर्गणी, संडे स्कूल, गायन, आजाऱ्यांच्या भेटी हे सगळं त्याच दहा-बारा घरांत फिरत असेल, तर बाकं भरलेली असूनही ती मंडळी थकलेली आहे.

फोन नंबर, वाढदिवस, आजारपण यांच्या याद्या मात्र जपून ठेवा. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहेच, आणि कायदा नसता तरी कुणाच्या घरातलं दुखणं व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणं गैरच आहे.

नवा प्रयोग करायचा तर सुरुवात कुठून करावी?

जे येईनासे झाले त्यांच्यापासून. प्रोजेक्टर आणि नवी साउंड सिस्टिम सगळ्यांत शेवटी.

क्लेटन ख्रिस्तेन्सेन या हार्वर्डच्या प्राध्यापकांची एक मांडणी इथे कामाची आहे: एखादी वस्तू माणूस आयुष्यातल्या कुठल्यातरी अडलेल्या कामासाठी जवळ करतो, तर ते अडलेलं काम आधी शोधा. कमिटीतल्या दोघांनी चार-पाच घरी जावं, चहा घ्यावा आणि ‘तुम्ही का येत नाही’ असं न विचारता ‘सध्या तुमचा रविवार कसा जातो’ असं विचारावं. मग कळतं की रुग्णालयात नर्स असलेल्या ताईंची रविवारी सकाळची ड्यूटी असते. चाकणच्या कारखान्यातल्या दादांची सुट्टी मधल्या वारी येते. वाघोलीहून कॅम्पात यायचं तर दोन बस बदलाव्या लागतात आणि सोबत दोन लहान मुलं. आजोबांना जिना चढवत नाही. यांतल्या एकालाही उत्तम बँड नको आहे. कुणाला बुधवारी संध्याकाळची अर्ध्या तासाची प्रार्थना हवी, कुणाला गाडीत जागा, कुणाला घरी येऊन दिलेलं प्रभुभोजन.

यांतलं एक काम निवडा, छोटं ठेवा, तीन महिन्यांची मुदत घाला. मुदत आधीच जाहीर केलेली असली की विरोध करणाऱ्यालाही धीर येतो.

आमच्याकडे नवं काही सुचवलं की ज्येष्ठ लोक ‘आपल्यात असं नसतं’ म्हणतात. काय करावं?

आधी त्यांचं ऐकावं. ज्यांनी पगारातून पैसे काढून देवालयाचं छत घातलं, त्यांना त्या जागेबद्दल बोलण्याचा हक्क आहे.

मग आपल्याच इतिहासाची आठवण करून द्यावी, प्रेमाने. आज ज्याला आपण जुनं म्हणतो त्यातलं बरंचसं एकेकाळी धक्कादायक होतं. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये मुंबईत झाला. तोवर मराठी उपासनेत पाश्चात्त्य चालींचं वजन मोठं होतं. टिळकांनी अभंग आणि ओवी आणली, कीर्तनाचा रंग आणला, आणि विलायती साच्यातली मंडळी आपली वाटत नाही हे उघड सांगितलं. १९१७ साली त्यांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला, बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांचं एक भ्रातृमंडळ. तेव्हा कित्येकांना ते पटलं नव्हतं. आज ‘उपासना संगीत’ या गीतपुस्तकातून त्यांची गीतं काढली तर हेच ज्येष्ठ कळवळतील, आणि ते बरोबरच असेल.

पुण्यातही असं घडलं आहे. जॅक विन्स्लो या इंग्रज मिशनरींचा ख्रिस्त सेवा संघ १९२७ मध्ये अहमदनगर जिल्ह्याच्या बाजूने पुण्यात आला. शिवाजीनगरच्या त्या आश्रमात भारतीय आणि इंग्रज एकाच पंगतीला बसत, खादी वापरत. साहेबाचं राज्य असताना हे साधं नव्हतं. पुढे आदिवासींचे अभ्यासक म्हणून नाव झालेले व्हेरिअर एल्विन भारतात प्रथम आले ते याच संघात.

आता पद्धतीबद्दल. एव्हरेट रॉजर्स या समाजशास्त्रज्ञाने १९६२ मध्ये मांडलं की नवी गोष्ट लोक किती लवकर स्वीकारतात हे पाच बाबींवर ठरतं: तिचा फायदा दिसतो का, ती आपल्या रीतीशी जुळते का, समजायला सोपी आहे का, थोडी वापरून पाहता येते का, आणि तिचे परिणाम दुसऱ्यांना दिसतात का. त्याच्या हिशेबाने अगदी पुढे उडी घेणारे अडीच टक्के असतात, त्यांच्या मागून साडेतेरा टक्के येतात, आणि मोठा मधला वर्ग त्या साडेतेरांकडे पाहून ठरवतो. आपल्या मंडळ्यांत चूक होते ती इथेच. तरुण संघातल्या सर्वांत उत्साही मुलाला पुढे करतो आणि सगळी मंडळी आक्रसते. त्याऐवजी ज्यांच्या शब्दाला घराघरांत मान आहे अशा एखाद्या निवृत्त शिक्षिका, एखादे जुने खजिनदार, यांना प्रयोगात घ्या. त्यांनी ‘बघू या तीन महिने’ म्हटलं की निम्मं काम झालं.

जुळण्याचा मुद्दाही सोडू नका. गिटार आणायची तर पेटी-तबला हटवून आणू नका. मुलांना टिळकांचंच गीत गिटारवर बसवू द्या.

मुलं इंग्रजी माध्यमात शिकतात. मराठी बायबल वाचता येत नाही. उपासना इंग्रजीत करावी का?

सध्या पुण्यात याहून अवघड प्रश्न नाही.

हार्वर्डचेच रोनाल्ड हायफेट्झ १९९४ पासून नेतृत्वाबद्दल एक भेद सांगत आले आहेत. काही अडचणी तांत्रिक असतात: जाणकार बोलावला, दुरुस्त केलं, झालं. काही अडचणी अशा असतात की त्या सुटायला लोकांना स्वतःच्या सवयी, निष्ठा, कधी आवडीच्या गोष्टी बदलाव्या लागतात. दुसऱ्या जातीच्या अडचणीवर पहिल्या जातीचं औषध देणं ही नेतृत्वाची नेहमीची फसगत. स्क्रीनवर रोमन लिपीत गीतं दाखवणं हे तांत्रिक औषध आहे. ते जरूर द्या, पण प्रश्न सुटला असं समजू नका. खरा प्रश्न असा आहे की आपण घरातसुद्धा विश्वासाबद्दल मुलांशी कोणत्या भाषेत बोलतो, आणि बोलतो तरी का.

माझं मत स्पष्ट आहे. मराठी उपासना सोडू नये. पंडिता रमाबाईंनी आयुष्याची अखेरची वर्षं मूळ भाषांतून मराठीत बायबल उतरवण्यात घालवली, साध्या बायकांना कळावं म्हणून. तो वारसा असा हातचा जाऊ देणं मला सहन होत नाही. पण मराठी टिकवायची म्हणून मुलांना बाकावर बसवून न कळणारा उपदेश ऐकवणं हाही अन्याय आहे. महिन्यातून एका रविवारी दोन्ही भाषांत उपासना. संडे स्कूलमध्ये गोष्ट मुलांच्या भाषेत आणि गीत व पाठांतराचं वचन मराठीत. दहावी-बारावीच्या मुलांनी आजीकडून एक गीत चालीसह शिकून मंडळीत म्हणणं, असं काही करून पाहता येतं. शेवटचा प्रकार मला विशेष आवडतो, कारण त्यात आजीही कामाला लागते.

मुलं इंग्रजी मंडळीत गेलीच तर त्यांना गमावलेली समजू नका. संबंध ठेवा, नाताळच्या कॅरल फेरीला बोलवा.

घरगुती प्रार्थना गट सुरू केले. सहा महिन्यांत ते चहा-पोह्यांपुरते उरले. काय चुकलं?

बहुधा गटाला नायक दिला, पण काम दिलं नाही.

अठराव्या शतकातले इंग्रज धर्मोपदेशक जॉन वेस्ली यांच्या ‘क्लास मीटिंग’ची, म्हणजे छोट्या गटांच्या बैठकीची, जन्मकथा इथे सांगावीशी वाटते. १७४२ साल, ब्रिस्टल. सभागृहावर कर्ज होतं. फॉय नावाच्या एका निवृत्त खलाशी कप्तानाने सुचवलं, प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी. कुणीतरी म्हणालं, गरिबांना तेही झेपणार नाही. तर तो म्हणाला, अकरा जण माझ्याकडे सोपवा, ज्यांना जमणार नाही त्यांचे मी भरीन. असे बारा-बारांचे गट झाले. नायक पेनी गोळा करायला घरोघर जाऊ लागले, तेव्हा त्यांना घरांतली खरी स्थिती दिसली: कुठे आजार, कुठे दारू, कुठे भांडण. वेस्लींच्या लक्षात आलं की आपण ज्या गोष्टीच्या शोधात होतो ती हीच. कर्जफेडीची युक्ती पुढे मेथॉडिस्ट चळवळीचा कणा झाली.

तेव्हा गटाला दारापर्यंत नेणारं काहीतरी काम द्या. ‘या अकरा जणांची खबर तुमच्याकडे’ एवढं साधं चालेल. गट बारा-पंधराच्या वर गेला की दोन करा, आणि दुसऱ्या गटाचा नायक आधीपासून तयार करत राहा. सोसायटीत आवाजाची तक्रार येऊ नये म्हणून वेळ आणि गाणी बेताची ठेवा, शेजाऱ्यांना आधी सांगा.

पाळकसाहेबच सगळं करतात. त्यांच्याकडून काम कसं घ्यावं?

त्यांना विचारून. आणि त्यांच्याबद्दल कृतज्ञ राहून. अंत्यविधी, लग्नं, रुग्णालयातल्या भेटी, धर्मप्रांताच्या बैठका, भाडेकरूंचे वाद, आणि शनिवारी रात्री उपदेशाची तयारी. यातून कुठल्याही माणसाला नवं काही सुचणं अवघड आहे.

काम सोपवण्याच्या चार पायऱ्या आहेत आणि त्या वगळता येत नाहीत: मी करतो, तू पाहा; मी करतो, तू मदत कर; तू कर, मी मदतीला आहे; तू कर, मी दुसरीकडे जातो. आपल्याकडे पहिल्या पायरीवरून थेट चौथीवर ढकलतात आणि मग ‘तरुणांना जबाबदारी कळत नाही’ म्हणतात. प्रौढ माणसाला पहिल्यांदा शास्त्रवाचन दिलं तर त्याच्याबरोबर एकदा वाचून घ्या. अर्पणाचा हिशेब दिला तर दोन महिने शेजारी बसा. इफिसकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात पाळक आणि शिक्षक दिले आहेत ते पवित्र जनांना सेवेसाठी सिद्ध करायला, सगळी सेवा एकट्याने उरकायला नव्हे.

कमिटीनेही एक द्यावं: पाळकांना आठवड्यातून एक पूर्ण सुट्टीचा दिवस, आणि त्या दिवशी फोन घ्यायला दुसरा माणूस.

महिलांना नेतृत्व द्यावं का?

पुणे जिल्ह्यात केडगावला पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन उभं असताना हा प्रश्न पडू नये. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून मुली आणल्या. पुढे त्याच मुली छापखाना, विणकाम, शेती सांभाळू लागल्या, आणि रमाबाईंचं बायबल मुक्तीच्याच छापखान्यात बायकांच्या हातून छापलं गेलं. १९०५ मधलं तिथलं आध्यात्मिक जागरण मुलींच्या प्रार्थना गटांतून पेटलं. आपल्याकडे मात्र महिला मंडळाने स्वयंपाक पाहावा आणि निर्णय बंद दाराआड व्हावेत, असं अजून चालतं. ते बदलायला हवं.

सारख्या पार्श्वभूमीच्या लोकांची वेगळी मंडळी काढली तर लवकर वाढते म्हणतात. खरं आहे का?

मॅकगॅव्हरन यांचं हेच म्हणणं सर्वांत वादग्रस्त ठरलं: भाषा, वंश, वर्ग यांच्या भिंती न ओलांडता विश्वासात येणं लोकांना सोपं जातं. निरीक्षण म्हणून त्यात तथ्य आहे. तमिळ, तेलुगू, मलयाळम, मराठी अशा भाषावार उपासना पुण्यात आहेतच आणि परक्या शहरात आपल्या भाषेत प्रार्थना करायला मिळणं हा मोठा दिलासा असतो.

पण भारतात ‘सारखे लोक’ म्हटलं की जात आत येते. मराठी ख्रिस्ती समाजातल्या मोठ्या भागाने जातीचा अपमान भोगला आहे, आणि १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे दलित ख्रिस्ती अनुसूचित जातींच्या सवलतींबाहेर आहेत. लग्न जमवताना मूळ जात विचारणारे आपल्यातही आहेत. जातीवर उभी राहिलेली मंडळी कितीही झपाट्याने वाढली तरी मी तिला वाढ म्हणणार नाही. भाषेची सोय करा, पण प्रभूच्या मेजाभोवती सगळे एकत्र येतील अशी वर्षातून निदान काही वेळा व्यवस्था करा.

ऑनलाइन उपासना चालू ठेवावी का?

हो. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी, आखातात किंवा परदेशात गेलेल्या मुलांसाठी. एक फोन आणि एक स्टँड पुरतो. पण ऑनलाइन पाहणाऱ्या प्रत्येक ज्येष्ठाला आठवड्यातून एक माणूस प्रत्यक्ष भेटला पाहिजे, नाहीतर आपण त्यांना सोयीस्करपणे विसरलो असं होईल.

सेवाकार्य सुरू केलं तर लोक चर्चला येतील का?

त्या हेतूने करू नका. शिकवणी वर्ग, वह्या, औषधं ज्याला गरज आहे त्याला, कोणतीही अट न घालता. मदतीच्या मोबदल्यात प्रार्थनेला बोलावणं हे मदत घेणाऱ्याच्या सन्मानाला धक्का लावणारं आहे आणि संविधानाच्या २५व्या कलमाने ज्या सदसद्विवेकाच्या स्वातंत्र्याची हमी दिली, त्याच्याशीही ते विसंगत आहे. कुणी स्वतःहून विश्वासाबद्दल विचारलं तर मोकळेपणाने, उघडपणे सांगा.

पैशांचं काय?

लहान प्रयोगाला फार पैसा लागत नाही. लागतो तो विश्वास, आणि तो हिशेबातून येतो. मंडळीचा न्यास महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदलेला असेल तर लेखापरीक्षण वेळेवर करा, विश्वस्त बदलले की ९० दिवसांच्या आत धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात चेंज रिपोर्ट (बदलाची नोंद) द्या. हे कंटाळवाणं आहे, पण कितीतरी मंडळ्यांची वर्षं कोर्टकचेऱ्यांत गेली ती इथल्याच ढिलाईमुळे. परदेशी देणगीचा विचार असेल तर एफसीआरए (परदेशी देणग्यांचं नियमन करणारा कायदा) नोंदणीशिवाय एक रुपयाही घेऊ नका. दर तीन महिन्यांनी जमाखर्चाचा कागद देवालयाच्या फळ्यावर लावा. दशमांशावर (उत्पन्नाचा दहावा भाग देण्यावर) उपदेश करण्यापेक्षा त्याचा परिणाम जास्त होतो.

प्रयोग फसला तर?

मंडळीसमोर सांगा की मुदत संपली, हे जमलं नाही, यातून हे कळलं. ज्यांनी मेहनत केली त्यांची नावं घेऊन आभार माना. आणि त्यांनाच पुढच्या वेळी पुन्हा विचारा.

पाळकांची बदली झाली की नवं सगळं बंद पडतं. यावर उपाय?

बदल्या होणारच. म्हणून कुठलाही उपक्रम पाळकांच्या नावावर ठेवू नका. त्याला दोन नायक असू द्या, एक अनुभवी आणि एक तिशीच्या आतला. काय करतो, कोण करतं, किती खर्च येतो, कुणाला भेटायचं राहिलं आहे, हे एका वहीत लिहून ठेवा. नवे पाळक आले की पहिल्या महिन्यात त्यांना काही पटवायला जाऊ नका. त्यांना घेऊन त्या वहीतल्या घरांच्या भेटी करा, आजाऱ्यांपासून सुरुवात करून.